टर्मिनलमध्ये पक्ष्यांची मराठी नावं मोडतात: पुटी, टीमक्स आणि रास्पबेरी पाय

ऐरोली_खाडी:

नमस्कार मंडळी. ऐरोलीला खाडीकाठी आम्ही काही जण रविवारी सकाळी पक्षी मोजतो. ठाणे खाडीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला, तेव्हापासून गटात माणसं वाढली आणि याद्याही वाढल्या. त्या सगळ्या रास्पबेरी पाय नावाच्या एका छोट्या लिनक्स संगणकावर आहेत. साध्या मजकुराच्या फायली, एका ओळीत पक्ष्याचं नाव, मग टॅब, मग संख्या. कोणी काय बदललं ते कळावं म्हणून गिट वापरतो.

नावं मराठी आहेत: वंचक, शेकाट्या, चित्रबलाक, तुतवार, कुदळ्या.

अडचण अशी की एकच फाइल प्रत्येक ठिकाणी वेगळी दिसते. पायला टीव्ही जोडून थेट काळ्या पडद्यावर उघडली तर नुसते ठोकळे. घरच्या विंडोज लॅपटॉपवरून पुटीने (दूरच्या यंत्राचं टर्मिनल उघडणारा प्रोग्रॅम) आत शिरून उघडली तर प्रत्येक अक्षराच्या जागी भलतीच चिन्हं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याला लागून चार शेपट्यांचं एक गोल, हीच जोडी पुन्हा पुन्हा. टीमक्समध्ये (एका टर्मिनलात अनेक सत्रं चालवणारा प्रोग्रॅम) 'वंचक'च्या जागी फक्त तीन अधोरेखा. आणि फायलींची यादी मागितली तर 'ऐरोली' या नावाऐवजी असं काहीतरी: \३४०\२४४\२२०\३४०\२४४\२६०... गिटही तेच आकडे दाखवतं. लॉगिन करताना एलसी_ऑल बदलता येत नाही अशी एक इंग्रजी सूचना येते, पण ती पहिल्यापासूनच येते. हा पाय आम्हाला एका जुन्या सदस्याकडून तयार मिळाला, त्यावर आधी काय काय केलेलं आहे ते मला माहीत नाही.

आता गटात दोन गोष्टी चालू झाल्यात. एकाने 'खराब झालेल्या' नोंदी पुन्हा टाइप करायला घेतल्यात. आणि दुसऱ्यांचं म्हणणं आहे की नावं सरळ इंग्रजीत करून टाका, कटकट मिटेल. मला ते मान्य नाही. आमच्याबरोबर कोळीवाड्यातली माणसं येतात, शाळेतली मुलं येतात. कुठला पक्षी कुठल्या ओहोटीला कुठे उतरतो हे त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक असतं, आणि ते त्यांना मराठी नावांनीच ठाऊक असतं. यादी त्यांना वाचता आली नाही तर ती कोणासाठी ठेवायची?

कुठून सुरुवात करू?

चेकनाका४:

फॉन्ट नसणार. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी टाका, होईल.

कळवा_रात्रपाळी:

ताई, सगळ्यात आधी ते पुन्हा टाइप करणं थांबवा. आजच त्या सदस्यांना फोन करा. तुमच्या नोंदी खराब झालेल्या नाहीत, आणि हे मी तुमच्याच वर्णनावरून सांगतोय.

मी महापेला सर्व्हरच्या देखभालीत रात्रपाळी करतो. मराठी मजकूर टर्मिनलमध्ये मोडला की लोक आधी फॉन्टकडे धावतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रश्न पहिला हा विचारायचा: मजकूर बिघडलाय की नुसतं दिसणं बिघडलंय? हे ठरल्याशिवाय फाइलला हात लावायचा नाही.

तुमच्या तीन अधोरेखाच बघा. 'वंचक' या शब्दात युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, हिशोबाने चार खुणा आहेत: व, अनुस्वार, च, क. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते क्रमांक फाइलमध्ये साठवायच्या रीतीत, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात, म्हणजे फाइलमध्ये हा शब्द १२ बाइटांचा आहे. टीमक्सला यातलं काहीच कळलं नसतं तर त्याने तीनच रेघा कशाला मारल्या असत्या? तीन रेघा आल्या याचा अर्थ त्याने बाराही बाइट बरोबर वाचले, त्यातून चार खुणा ओळखल्या आणि अनुस्वाराला स्वतःची जागा नसते, तो 'व'च्या डोक्यावर बसतो, इथपर्यंत त्याला समजलं. फक्त पुढच्या पडद्याला यूटीएफ-८ कळतं की नाही याची त्याला खात्री नव्हती, म्हणून अक्षराऐवजी त्याने रेघ काढली. मजकूर आत शाबूत आहे.

ते आकडेही तेच सांगतात. \३४०\२४४\२२० हे 'ऐ'चेच तीन बाइट आहेत, अष्टमान पद्धतीत लिहिलेले. देवनागरीचं प्रत्येक अक्षर ३४० ने सुरू होतं आणि त्यापुढे २४४ किंवा २४५ येतो. तुम्हाला पुटीत जी जोडी पुन्हा पुन्हा दिसते ना, तिरक्या रेघेचा ए आणि शेपट्यांचं गोल, ती म्हणजे हेच ३४० आणि २४४. पुटी त्यांना पश्चिम युरोपची दोन सुटी अक्षरं समजून काढतंय. ही जोडी दिसली की निर्धास्त व्हायचं, मजकूर अस्सल यूटीएफ-८ आहे. त्याउलट मजकुरात खरोखरची प्रश्नचिन्हं साठवली गेली असती, तर मात्र तो गेला होता.

आता एकेक दुरुस्ती. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमनमध्ये करा.

पुटी: जोडणी सुरू करण्याआधी डावीकडे विंडो, त्याखाली ट्रान्सलेशन. तिथे रिमोट कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ करा. मग वर सेशनवर परत जाऊन सेव्ह दाबा. हे सेव्ह बरेच जण विसरतात आणि दुसऱ्या दिवशी तेच रडगाणं.

लोकेल (यंत्राची भाषा आणि अक्षरं ठरवणारं सेटिंग, एलसी_ऑल हा त्यातलाच भाग): खरं दुखणं इथे आहे, आणि लॉगिनची ती इंग्रजी सूचना ते पहिल्यापासून सांगत होती. पायवर नुसतं 'लोकेल' लिहून एंटर मारा. माझा अंदाज, एलसी_ऑलपुढे एमआर_आयएन असं दिसेल. कोणीतरी चांगल्या हेतूने मराठी लोकेल लावलंय, पण ते त्या यंत्रावर तयारच केलेलं नाही. मागितलेलं लोकेल सापडलं नाही की प्रोग्रॅम गुपचूप सी नावाच्या लोकेलवर जातात, आणि त्यात इंग्रजीपलीकडचं काही नसतं. म्हणून यादीत आकडे दिसतात. 'लोकेल हायफन ए' लिहिलंत तर यंत्रावर तयार असलेली सगळी लोकेलं दिसतील, त्यात एमआर_आयएन नसणार.

टीमक्सची आणखी एक खोड आहे. ते एलसी_ऑल, एलसी_सीटाइप आणि लँग याच क्रमाने बघतं आणि जे पहिलं भरलेलं सापडेल त्याच्या नावात यूटीएफ-८ ही अक्षरं आहेत का, एवढंच तपासतं. नुसतं एमआर_आयएन लिहिलं तर लोकेल नीट तयार केलेलं असूनही ते अधोरेखाच दाखवेल. नावापुढे टिंब देऊन यूटीएफ-८ लिहायला लागतं.

घरच्या फोल्डरमधली बॅशआरसी फाइल उघडा, त्यातली एलसी_ऑलची ओळ काढा. त्याजागी लँग बरोबर सी.यूटीएफ-८ ठेवा. डेबियनच्या घराण्यात (पायची लिनक्स त्यातलीच) हे लोकेल मूळचंच असतं, वेगळं तयार करावं लागत नाही. तारखा आणि सूचनाही मराठीत हव्या असतील तर रास्पी-कॉन्फिगमधून मराठी लोकेल रीतसर तयार करून घ्या, पण ते सावकाश. बदल केल्यावर बाहेर पडा आणि टीमक्सची सगळी जुनी सत्रं बंद करून नव्याने सुरू करा. जुन्या सत्रांत जुनंच लोकेल चिकटून राहतं.

गिट: याचं कारण वेगळं आहे, लोकेलशी संबंध नाही. गिट मुळातच इंग्रजीबाहेरची फाइलनावं आकड्यांत दाखवतं. कोअर.कोटपाथ हे सेटिंग फॉल्स करा, नावं दिसू लागतील.

टीव्हीवरचा काळा पडदा: त्याचा नाद सोडा. लिनक्सच्या त्या मूळ कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि अक्षरं जोडायची सोय तर नाहीच. कुठलाही फॉन्ट टाकलात तरी तिथे 'चित्रबलाक' उमटणार नाही. डेस्कटॉप सुरू करून त्यातलं टर्मिनल उघडा. तिथे ठोकळे आले तर मात्र चेकनाका यांनी सांगितलेले फॉन्ट टाका, ते तिथे उपयोगी पडतील.

ऐरोली_खाडी:

दादा, अगदी तसंच निघालं. एलसी_ऑलपुढे एमआर_आयएन होतं. ओळ काढली, पुटीत यूटीएफ-८ केलं, सेव्हही केलं. फायलींची नावं दिसली, टीमक्समध्ये वंचक आला! पुन्हा टाइप करणारे सदस्यही थांबलेत, आणि गिटमधून त्यांच्या आधीच्या नोंदी परत काढल्या.

आता उरलेलं सांगते. एक, पुटीत 'चित्रबलाक'ची पहिली वेलांटी 'च'च्या आधी न येता नंतर पडते आणि 'त्र' फुटून 'त्' आणि 'र' सुटे दिसतात. दोन, आमच्याकडे एक छोटी बॅश स्क्रिप्ट आहे, ती नाव आणि संख्या दोन रकान्यांत छापते. नावासाठी २० जागा राखल्या आहेत. इंग्रजीत सरळ रकाना येतो. मराठीत वंचकची संख्या कुठे, शेकाट्याची कुठे. मुलांना छापून द्यायची असते ती यादी, फार वाईट दिसतं. तीन, ग्रेप या शोधायच्या आज्ञेने 'पांढऱ्या मानेचा करकोचा' शोधला तर काही नोंदी सापडतात, काही नाही. डोळ्यांना सगळ्या सारख्याच दिसतात. लोकेल बरोबर झाल्यावरही हे तसंच आहे.

कळवा_रात्रपाळी:

वेलांटीचं आधी. टर्मिनल म्हणजे चौकटीची वही आहे, एका चौकटीत एक अक्षर. ही पद्धत १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनलच्या काळापासूनची, ८० रकाने आणि २४ ओळी, इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केलेली. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनाच्या नंतर असते, दाखवताना आधी यावी लागते. जे टर्मिनल प्रत्येक चौकट सुटी रंगवतं, त्याला ही अदलाबदल जमत नाही. पुटीत सेटिंग बदलून हे सुटणार नाही, टर्मिनल बदलायला हवं. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं विंडोज टर्मिनल घ्या, १.२२ किंवा त्यापुढची आवृत्ती. तिथपासून ते एकत्र दिसणाऱ्या अक्षरांचा गट एकत्र धरायला लागलं. एसएसएच विंडोज १० मध्ये आहेच, त्यामुळे पुटीची गरजही उरणार नाही. लिनक्सवर मी स्वतः कॉन्सोल वापरतो, केडीईचं, आणि त्यात मराठी लॉग वाचताना मला अडत नाही. एमएलटर्म नावाचं एक आहे, ते तर बहुभाषिक लिपींसाठीच मुद्दाम लिहिलेलं आहे. अलाक्रिटी वेगवान आहे पण अक्षरजोडणी करत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका.

रकान्यांचं दुखणं मजेशीर आहे आणि त्यात टर्मिनलचा दोष नाही. बॅशचं प्रिंटएफ २० जागा राखतं म्हणजे २० बाइट राखतं. 'वंचक' १२ बाइटांचा, म्हणून ते पुढे ८ मोकळ्या जागा सोडतं. पडद्यावर वंचकला लागतात ३ चौकटी. ३ आणि ८ मिळून ११, तिथे संख्या येते. आता 'शेकाट्या' मोजा: श, मात्रा, क, काना, ट, हलन्त, य, काना. आठ खुणा, २४ बाइट. २० च्या वर गेलं, म्हणजे भर घालायची एकही जागा उरली नाही, आणि संख्या नावाला जवळजवळ चिकटते. २० बाइट भरेपर्यंत नाव जितकं लांब तितकी संख्या डावीकडे सरकते. तुमच्या यादीत असंच उलटं दिसत असणार.

ऑककडे, म्हणजे ओळी-रकाने हाताळणाऱ्या साधनाकडे, वळलात तरी सांभाळून. डेबियनसोबत मूळचा येणारा त्याचा मॉक हा प्रकार बाइटच मोजतो. गॉक हा दुसरा प्रकार यूटीएफ-८ लोकेलमध्ये खुणा मोजतो, म्हणजे शेकाट्याला ८, पण पडद्यावर मात्रा आणि हलन्ताला जागा नसते, म्हणून तिथेही फरक राहतो. खरी रुंदी विचारणारी आज्ञा म्हणजे 'कॉलम हायफन टी'. ती डब्ल्यूसीविड्थ या हिशोबाने चौकटी मोजते: व्यंजनाला एक, मात्रा आणि अनुस्वाराला शून्य, काना आणि वेलांटीला एक. हायफन एसने टॅब हा विभाजक द्या.

तरी पूर्ण भरवसा ठेवू नका. काना-वेलांटीला वेगळी चौकट द्यायची की व्यंजनातच धरायची, 'क्ष' आणि 'त्र' एक घटक की दोन, यावर टर्मिनलांचं एकमत नाही. जोडाक्षर हा एकच घटक धरावा हा नियम युनिकोडमध्येच १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. आज्ञा एक मोजते आणि टर्मिनल दुसरं, मग एखादी चौकट इकडेतिकडे होते.

म्हणून माझा सल्ला: संख्या आधी छापा, नाव शेवटी. संख्येला पाच जागा, मग दोन मोकळ्या, मग नाव. नावानंतर काही यायचंच नसेल तर त्याची रुंदी कोणी कशीही मोजो, रकाना मोडत नाही. आमच्याकडच्या मराठी नावांच्या अहवालांत मी हेच करून घेतलंय. मुलांना वाचायलाही बरं पडतं, आकडे एकाखाली एक येतात.

ग्रेपचं मला नीट सांगता येणार नाही, पण नौपाड्याचे आपले डीटीपीवाले काका सांगतील.

नौपाडा_डीटीपी:

बोलावलंत म्हणून लिहितो. वर सगळीकडे मजकूर बरोबर होता आणि दिसणं चुकत होतं. इथे उलटं आहे. दिसणं एक आणि मजकूर वेगवेगळा.

'पांढऱ्या'मधला तो अर्धा र, आडवी वळणाची रेघ, युनिकोडमध्ये दोन वाटांनी काढता येतो. पहिली वाट: नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी: साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, मग य. हा जोडक पडद्यावर दिसत नाही, जागा घेत नाही, पण फाइलमध्ये ३ बाइट खाऊन बसतो. कोणी फोनवरून भरतं, कोणी इन्स्क्रिप्टवरून, कोणी उच्चारी कीबोर्डवरून. प्रत्येकाची वाट वेगळी. चांगला फॉन्ट दोन्ही सारखेच काढतो, म्हणून डोळ्याला कळत नाही. ग्रेप बाइट जुळवतो, त्याला कळतं.

खात्री करायची तर न सापडणारी एक ओळ उचलून 'ओडी हायफन सी'ला द्या. त्यात \३४२\२००\२१५ दिसलं तर जोडक आहे. ३४० ऐवजी ३४२ ने सुरू होणारं काही दिसलं की ते देवनागरी अक्षर नव्हेच, हे लक्षात ठेवा. जोडक नसेल तर \२६१ शोधा, तो नुक्त्याचा ऱ.

दुरुस्तीला सेड ही शोधून बदलणारी आज्ञा पुरेल: र, हलन्त, जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. युनिकोडच्या सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणं एकसारखी करण्याने, हे होईल असं समजू नका. र आणि सुटा नुक्ता असं लिहिलेलं ते ऱ मध्ये आणून देतं, पण जोडकाला हात लावत नाही. 'ॲ'चंही असंच आहे. तो सबंध अक्षर म्हणून २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीची आणि काही नंतरचीही माणसं अ वर चंद्र चढवून लिहितात. सामान्यीकरणाला हे दोन एकच आहेत हे माहीत नाही, तुम्हालाच बदलावं लागेल.

सेड चालवण्याआधी गिटमध्ये सगळं कमिट करा. बदल झाल्यावर फरक ओळीओळीने वाचा, नुसता नजर टाकून सोडू नका. आणि पुढे यादीत नाव हाताने टाइप करू देऊ नका. एक मान्य नावांची फाइल ठेवा, नोंद करणाऱ्याने त्यातूनच नाव उचलायचं. छापखान्यात लेखकांच्या नावांसाठी आम्ही हेच करतो, नाहीतर सूचीत एकच माणूस दोनदा येतो.

अजून एक. गटात कोणाकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या याद्या असतील आणि त्या 'ओडी हायफन सी'ला दिल्यावर ३४०-२४४ ची जोडी कुठेच नसेल, तर त्या युनिकोडमध्ये नाहीतच. शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टच्या जमान्यातल्या आहेत, रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकृत्या बसवलेल्या. त्यांना लोकेल, पुटी यांतलं काहीच लागू पडत नाही. ज्या फॉन्टमध्ये लिहिलं त्याच फॉन्टचा परिवर्तक लागतो. फाइल टाकून देऊ नका, फॉन्टचं नाव तेवढं शोधून ठेवा.

ऐरोली_खाडी:

काका, जोडकच होता. न सापडणाऱ्या सगळ्या नोंदी फोनवरून भरलेल्या निघाल्या. कमिट करून सेड चालवलं, फरक वाचून काढला. आता करकोचा एका शोधात सगळा सापडतो. 'ॲ'ची एकच नोंद होती, ती हाताने बदलली.

दादा, संख्या आधी आणि नाव शेवटी केलं, रकाना सरळ आला. विंडोज टर्मिनल टाकलं, त्यात चित्रबलाकची वेलांटी जागेवर आहे. इंग्रजी नावांचा विषय गटात मागे पडलाय. ज्यांनी तो काढला होता तेच आता मान्य नावांची फाइल तयार करतायत, शेजारी शास्त्रीय नावाचा रकानाही ठेवणार आहेत.

जुन्या याद्या खरंच आहेत, एका काकांच्या सीडीवर. जोडी दिसत नाही, फॉन्टचं नाव त्यांना आठवत नाही. एक ओळ जशीच्या तशी घेऊन त्यासाठी वेगळा धागा उघडते, नौपाड्याच्या काकांनी तिथे जरूर बघावं.